स्पष्ट ऐकू आलं

"शालन, तुझ्या पाया पडतो, पण तोंड उघडू नकोस," हे म्हणाले.

नवरा पाया पडतोय! दुसरा कुठला दिवस असता तर मी पदराआड हसले असते आणि आठवडाभर त्यावरून चिडवलं असतं. पण त्या दुपारी यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. समोर मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला होता. फोनात कालव्याची बैठक भरली होती.

आमचं पळसखोरी म्हणजे कालव्याच्या शेपटाकडचं गाव. वरच्या गावांची शेतं भिजून, उरलंसुरलं पाणी आमच्या वाट्याला यायचं. पाणी कधी सोडायचं, कुणाला किती द्यायचं, हे ठरवायला पूर्वी तालुक्याच्या विश्रामगृहात बैठक व्हायची. बैठक कसली, बाजारच तो. आमची माणसं टेम्पो भरून जायची, खुर्च्यांवर उभी राहून ओरडायची, साहेबही ओरडायचे, कुणीतरी टोपी आपटायचं. शेवटी साहेब म्हणायचे, "बरं बाबांनो, घ्या पाणी, पण खाली बसा." न ओरडता पाणी मिळालंय असं आमच्या गावात एकालाही आठवत नव्हतं. या आरडाओरड्यानं आणखी एक काम व्हायचं. पाणी कधी सुटणार, हे संध्याकाळच्या आत कालव्याकाठच्या पोराबाळांनाही कळायचं. मग आमदार येऊन गेटावर नारळ फोडायचे, हलगी वाजायची आणि त्यानंतर पाणी सुटायचं.

मग बैठक फोनात गेली. माईक बंद ठेवायचा की चालू करायचा, हे आता साहेबांच्या हातात. आमचे हे पाणी वापर संस्थेचे चेअरमन. आदल्या बैठकीत पळसखोरीचं नावच कुणी घेईना, तेव्हा यांना राहवलं नाही. तेव्हा माईकला अजून कुलूप नव्हतं. यांनी आणि गावातल्या दहा जणांनी एकदम माईक चालू केले, आणि यांनी तर माझा तांब्याचा हंडाच पुढ्यात घेऊन बडवला. बैठक मोडली. गावभर हसू झालं. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावरून यांना उचललं. ऑनलाइन बैठकीत गोंधळ घालून सरकारी कामात अडथळा आणला, असा गुन्हा. अकराही जणांचे फोन जप्त. यांना चार रात्री कोठडीत काढाव्या लागल्या. जामीन झाला तोच अटीवर. पुन्हा असं काही घडलं तर जामीन रद्द. ज्या माणसाची हाक कालव्याच्या पलीकडं जायची, तो घरी आल्यावर मला पाणी मागतानाही खालच्या आवाजात मागायचा. काय केलं होतं आत, ते मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

म्हणून त्या दुपारी फोन माझा होता, पण नाव यांच्या संस्थेचं. मी बोलले तर ते यांनीच बोलल्यासारखं होतं.

बैठकीच्या सुरवातीला एका बाईनं वाचून दाखवलं, "परवानगीशिवाय कुणीही बोलल्यास, आवाज केल्यास, कामकाजात व्यत्यय आणल्यास फौजदारी कारवाई होईल." हे तीनदा वाचलं. मग मोठे साहेब बोलायला लागले. त्यांचं बोलणं मी निम्मं ऐकत होते, निम्मं चुलीवरच्या कालवणाकडं लक्ष होतं. आणि एकदम कानावर पडलं, "शाखा कालव्याला आजच पाणी सोडायचं. उन्हाळा कडक आहे, थांबण्यात अर्थ नाही. नारळ वगैरे काही नको. गर्दी नको, कार्यक्रम नको. लोंढे, गेटवर आहात ना?"

"व्हय साहेब," एक बारीक आवाज आला. "तयार हाय."

"संस्थांची संमती घेऊ आणि लगेच दार उचला."

माझ्या हातातली पळी खाली पडली.

"अहो," मी म्हणाले, "सगू!"

सगू म्हणजे बिरूतात्या कोळेकराची सून. बिरूतात्याचा मेंढरांचा वाडा दर उन्हाळ्यात आमच्या रानात बसायचा. मेंढरं रानात बसली की खत होतं, आम्ही त्यांना धान्य द्यायचो, अशी जुनी रीत. सगूच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तिला मेंढरांमागं चालता येत नव्हतं, म्हणून तात्यानं तिला आणि नुकत्या जन्मलेल्या कोकरांना सायफनात ठेवलं होतं. ओढ्याच्या खालून कालवा नेतात तो बंदिस्त बोगदा, त्याला आमच्याकडं सायफन म्हणतात. एका तोंडानं खाली उतरायचं, दुसऱ्या तोंडानं वर यायचं. कालवा कोरडा असला की आत माठासारखा गारवा. पाणी आलं की मात्र तो छतापर्यंत भरतो.

त्याच दिवशी सकाळी मी तिला ताक आणि भाकरी देऊन आले होते. मी म्हटलं होतं, "सगे, बाहेर झाडाखाली बस की गं. पाणी सुटलं म्हणजे?"

ती हसली. दात पांढरेशुभ्र, कपाळावर गोंदण, बोलणं माझ्यासारखंच तिखट. "वैनी, नारळ फुटल्याबिगर पाणी सुटलंय का कवा? आमदाराला गळ्यात हार घालून फोटू काढायचा आसतो. हलगी वाजली की मी लंगडत लंगडत जाती वर. दोन दिस आधीच कळतंय ते."

मलाही ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं.

यांना सगळं लख्ख कळलं होतं. तरी म्हणाले, "तू बोलू नकोस. मी गाडी घेऊन जातो. तुझ्या पाया पडतो."

"तुम्ही पोचायच्या आत पाणी पोचलं तर? गेट सायफनाच्या वळणाच्या वरच हाय! इथं एक शब्द बोलला तरी दार थांबतंय."

"शालन, मी परत आत नाही जाणार." "मला तिथं नको पाठवू."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "जावा तुम्ही आधी. पळा!"

ते गेले. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकला. मला तेव्हा आठवलं नाही, आणि यांनाही नाही, की हंड्याच्या त्या प्रकरणानंतर पाटबंधारेवाल्यांनी कालव्याच्या रस्त्यावर जेसीबीनं आडवा चर मारला होता. लोकांनी गेटावर जमू नये म्हणून.

इकडं फोनावर नावं घेणं सुरू झालं होतं. ज्या संस्थेचं नाव घेतील तिचा माईक तेवढ्यापुरता उघडायचा. त्यांनी "मान्य" म्हणायचं, की माईक बंद. एकेक गाव. वरून खाली.

"मान्य."

"मान्य."

"मान्य, साहेब."

पाणी कुणाला नको होतं? सगळ्यांनाच हवं होतं. आणि मी, शेपटाकडच्या गावाची, यादीत शेवटी. मी हात वर केल्याचं चित्र दाबलं. कुणी बघेना. पुन्हा दाबलं. लिहून कळवायची जागा बंद करून ठेवलेली. सरपंचाला फोन लावावा म्हटलं, तर बैठकीतून बाहेर पडावं लागणार, आणि एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नव्हते. गेटवरच्या लोंढ्याचा नंबर माझ्याकडं नव्हता. आमचा जुना पाटकरी असता तर एक हाक पुरली असती. तो पाण्याच्या पुढं सायकल हाणत, "निघा रं, पाणी आलं" म्हणत गावोगाव जायचा. तो निवृत्त झाला आणि त्या जागेवर परत माणूसच भरला नाही.

मी दारात जाऊन शेजारच्या पारूबाईला हाक मारली. "पारूबाई, अहो, सायफनाकडं कुणाला तरी पिटाळा! सगू आत हाय, पाणी सुटतंय!"

पारूबाईनं कपाळाला हात लावला. "आगं, नारळ कुठं फुटला?"

"नारळाला घाला चुलीत! पिटाळा कुणाला तरी!"

ती चपला न घालता पळाली. मी परत फोनापुढं आले. यादी सरत आली होती. "मान्य." "मान्य." देवा, एकदा माझं नाव घे म्हणत होते, आणि एकीकडं वाटत होतं की यांना नेतील, परत नेतील, आणि या वेळी माणूस आत जसा गेला तसा परत येणार नाही. मुकी बिचारी कुणीही हाका, म्हणतात ना, तसे आम्ही झालो होतो. मला तोंड होतं, पण त्या तोंडाची किंमत माझा नवरा देणार होता.

"पळसखोरी संस्था."

माईक उघडल्याची खूण दिसली. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले.

"साहेब, पाणी सोडू नका! सायफनात बाई आहे! ओढ्याच्या सायफनात! तिचा पाय सुजलाय, तिला चालता येत नाही! लोंढे, दार उचलू नका! पाणी सोडू नका, सायफनात बाई—"

चित्र गोठलं. मोठ्या साहेबांचं तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलं. मग पडदा काळा झाला आणि त्यावर आलं की तुम्हाला बैठकीतून काढण्यात आलं आहे.

मी परत परत दाबत राहिले. आत घेईनात. फोन तिथंच टाकून मी रानातून धावत सुटले.

मी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. ढेकळात दोनदा पडले. चराशी यांची गाडी आडवी पडलेली दिसली. तिथून पुढं हे पळत गेले होते. मी वळणावर आले तेव्हा कालव्याच्या काठावर पारूबाई आणि तिची जाऊ बसल्या होत्या, आणि दोघींनी तोंडात पदर कोंबला होता.

पाणी आलेलं होतं. तांबडं, गाळाचं, पालापाचोळा पुढं ढकलत. वरच्या तोंडापाशी ते गरगरत आत जात होतं, आणि खालच्या तोंडातून कोकरं बाहेर येत होती, एकेक, पांढरी. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि हातानं पाणी चाचपत होते. "सगू! ए सगू!" इतके दिवस दबलेला तो आवाज सगळ्या रानात घुमत होता. आता ओरडून काय उपयोग होता?

सगू दुसऱ्या दिवशी दार बंद केल्यावर मिळाली. आतल्या भिंतीला, वर चढायच्या बाजूला. सुजलेल्या पायानं ती निम्म्याच्या वर चढून आली होती.

बिरूतात्या रडला नाही. त्यानं मला एकच विचारलं, "शालन, हलगी कुठं वाजली? मी कान देऊन हुतो."

मी त्याचे हात धरले. म्हटलं, "वाजली नाही, तात्या. मी फोनात सांगितलं. ओरडून सांगितलं. पण रेंज गेली. माझा आवाज पोचला नाही."

हे मी त्याची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. मी तसंच धरून चालले होते. चित्र आधी गोठलं होतं ना? काढल्याचं तर त्यानंतर आलं. म्हणजे रेंज गेली होती. नाहीतर इतकी माणसं बैठकीत होती, वरच्या गावांचे चेअरमन, सेक्रेटरी, हापिसातली माणसं, पाण्याचे साहेब. एखादा तरी म्हणाला असता की थांबा. माणसंच आहेत ती. तात्यालाही हे पटलं. "मग कुनाचा काय दोस," तो म्हणाला. "वाऱ्याचा दोस." त्या समजुतीवर तो पुढचे दिवस जगला. मीही जगले.

आठवड्यानं पोलीस आले. यांना न्यायला आलेत असं समजून मी दारात आडवी झाले. पण कागद माझ्या नावाचा होता. "बैठकीत मध्येच असंबद्ध आरडाओरड करून कामकाज बंद पाडण्याचा प्रयत्न." असंबद्ध! बघा, मी यांना म्हणाले, शब्द कळलेच नाहीत त्यांना. नुसता आवाज गेला.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. दर तारखेला बिरूतात्या यायचा. मेंढरं पोराकडं सोडून, घोंगडं खांद्यावर टाकून मागच्या बाकावर बसायचा. मी म्हणायचे, तात्या, कशाला एवढ्या लांब येतोस? तो म्हणायचा, "माझ्या सुनंसाठी तू बोललीस. तू एकटी कशाला बसशील हितं?"

माझा वकील तरुण होता, हुशार होता. त्यानं मला सांगितलं, "वहिनी, आपला मुद्दा साधा आहे. रेंज नव्हती. आवाज पोचलाच नाही. ज्याचा आवाज कुणाला ऐकू आला नाही, त्यानं अडथळा कसा आणला?" मलाही तो मुद्दा आवडला. खरंच होता ना तो.

आता तो मुद्दा मोडायचा म्हणजे सरकारी वकिलाला काय सिद्ध करावं लागणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या वकिलाच्याही आलं नसावं.

पहिली साक्षीला आली ती बैठकीत नियम वाचून दाखवणारी बाई. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीचा आवाज तुम्हाला आला?"

"हो. स्पष्ट ऐकू आला."

"काय म्हणाल्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "पाणी सोडू नका, सायफनात बाई आहे."

माझा वकील उठला होता, तो तसाच उभा राहिला.

मग वरच्या गावाचे चेअरमन आले. इतकी वर्षं आमच्या घरी चहाला येणारा माणूस. "स्पष्ट ऐकू आलं. म्हणाल्या, सायफनात बाई आहे." त्याखालच्या गावाचा सेक्रेटरी. "व्हय, शब्दन् शब्द. तिचा पाय सुजलाय, म्हणाल्या." आणखी एक. आणखी एक. शपथ घ्यायचे, खाली बघायचे आणि मी जे बोलले होते ते मलाच बोलून दाखवायचे. एक जण तर म्हणाला, "साहेब, माझं बोट बटणावर होतं. पण माईक आमच्या हातात नव्हता. आणि पळसखोरीच्या अकरा जणांचं काय झालं, ते आम्ही बघितलं होतं." सरकारी वकील म्हणाला, "विचारलं आहे तेवढ्याचंच उत्तर द्या. ऐकू आलं की नाही?" तो म्हणाला, "आलं."

मला मागं वळून बघवेना. मागच्या बाकावर बिरूतात्या होता.

शेवटी लोंढे. गेटवाला. बारीक आवाजाचा, बारीक चणीचा माणूस. पिंजऱ्यात उभं राहतानाही त्यानं टोपी हातात चुरगळून धरली होती.

"आरोपी बोलल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"गेटावर, साहेब. फोन खिशात, चालू."

"ऐकू आलं?"

"स्पष्ट आलं. माझं नाव घेतलं त्यांनी. लोंढे, दार उचलू नका, म्हणाल्या."

सरकारी वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं. पण न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. त्यांनी चष्मा काढला.

"त्या वेळी दार उघडलेलं होतं?"

"न्हाई साहेब. चावी चाकाला लावली हुती नुसती."

"मग तुम्ही विचारलं नाहीत कुणाला?"

"मला बोलायची परवानगी न्हवती, साहेब." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्यांना बाहेर काढल्यावर साहेबांनी विचारलं, अजून कुणाला काही बोलायचंय का? कुणीच बोललं न्हाई. मग साहेब म्हणाले, चला, उचला."

मागं बाक सरकल्याचं मला कळलं. बिरूतात्या उभा राहिला होता. शिपाई त्याला "बसा, बसा" म्हणत होता. न्यायाधीशांनी हातानंच शिपायाला थांबवलं.

तात्यानं कुणालाही शिवी दिली नाही. लोंढ्याकडंही तो बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

"शालन," तो म्हणाला, "तू म्हणली हुतीस की रेंज गेली."